किरणांचे भय आणि ओट्यावरच्या माशा



या जिल्हा बैठकीपुढे एक ठराव येतो आहे. किरण दिलेले मांस आरोग्याला घातक आहे, त्याने कॅन्सर होतो, सबब सरकारने त्याच्या विक्रीवर बंदी घालावी, असा त्याचा मतलब. ठराव मांडणारी मंडळी आपलीच आहेत आणि त्यांच्या हेतूबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. शेळ्या पाळणाऱ्या आपल्या बायांच्या हाती कुणीतरी एक छापील पत्रक दिले. त्यावर वर अणुबाँबचा धूर आणि खाली सोललेली कोंबडी. असे चित्र पाहून कुणाच्या पोटात गोळा येणार नाही? बाया घाबरल्या, घरी बोलल्या, गावात चर्चा झाली आणि त्यातून ठराव निघाला. पण आमच्या मते हा ठराव आहे तसा मंजूर होऊ नये. का होऊ नये, ते बैठकीच्या आधी सर्वांच्या वाचनात यावे म्हणून संपादकीयाची सगळी जागा या एका विषयाला दिली आहे.

कापूस-ज्वारीवाल्याला मांसाशी काय देणेघेणे, असे कुणी म्हणेल. ज्याची ज्वारी कणसात असताना पावसाने काळी पडली आहे आणि ज्याचा कापूस बोंडअळीने नेला आहे, तो असे म्हणणार नाही. त्या वर्षी पोरीची फी, म्हाताऱ्याचा दवाखाना आणि पुढच्या मृगाचे बियाणे कशातून आले ते घरोघरी विचारा. बोकडातून आले, परसातल्या कोंबड्यांतून आले. २०१५ च्या कायद्यानंतर थकलेला बैल बाजारात उभा करण्याची सोय उरली नाही. कोरडवाहू घरात आता अडीनडीला रोकड देणारे जनावर म्हणजे शेळी. तेव्हा मटणाच्या बाजारात कसली अफवा उठते, कशावर बंदी येते आणि कशाला परवानगी मिळते, हा आपल्या घरखर्चाचा प्रश्न आहे.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. निम्मी भीती शब्दाची आहे. एक शब्द किरणोत्सर्गी. म्हणजे जी वस्तू स्वतःच किरण बाहेर टाकते ती. दुसरा विकिरणित, म्हणजे जिच्यावर बाहेरून किरण सोडले आणि मग बंद केले ती. शहरातल्या पंडितांनी दोन्ही शब्द इतके सारखे घडवले की वर्तमानपत्रवालेसुद्धा एकाच्या जागी दुसरा छापतात. आम्ही या लेखात 'किरण दिलेले मांस' असेच म्हणणार आहोत. खळ्यावर ज्वारी आठ दिवस उन्हात पडते. उन्हाने तिचा ओलावा जातो, पोरकिडे पळतात. ती घरात आणून कणगीत भरली तर रात्री कणगीतून ऊन बाहेर पडते काय? किरण दिलेल्या मांसाची गत तशीच. किरण येतात, जंतूंना मारून पार निघून जातात. मांसात त्यातले काही साठून राहत नाही.

किरणोत्सर्गी अन्नाची गोष्ट निराळी. १९८६ साली सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. तिची धूळ वाऱ्याबरोबर अर्ध्या युरोपावर गेली, गवतावर बसली, गवत जनावरांनी खाल्ले. इंग्लंडच्या शेजारच्या वेल्स भागातल्या मेंढपाळांवर मेंढ्या तपासून घेतल्याशिवाय विकायच्या नाहीत अशी बंधने आली, ती २०१२ पर्यंत पुरती उठली नव्हती. जवळजवळ सव्वीस वर्षे! तिथे द्रव्यच जनावराच्या अंगात गेले होते. आपल्याकडेही त्याची झळ आली. आयर्लंडहून आलेल्या लोण्यात चेर्नोबिलची धूळ असल्याच्या संशयावरून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा झाला, तो १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, तिने लोणी खाण्यास निर्धोक ठरवले आणि प्रकरण मिटले. पण लोण्याची ती भीती लोकांच्या डोक्यातून गेली नाही, ती आता कोंबडीवर येऊन बसली आहे. लोण्याचा संशय खरा असता तर द्रव्य लोण्यात असते. किरण दिलेल्या मांसात असे द्रव्य घालतच नाहीत.

मग करतात तरी काय? जाड काँक्रीटच्या भिंतींची एक खोली असते. आत पाण्याच्या खोल हौदात कोबाल्ट-६० नावाच्या धातूच्या कांड्या बुडवून ठेवलेल्या असतात. माणसे बाहेर निघाली, दारे बंद झाली की कांड्या वर येतात आणि बंद खोक्यांतला माल पट्ट्यावरून त्यांच्या भोवती फिरतो. कोबाल्ट मालाला शिवत नाही. त्या किरणांचा जोर असा बेताचा असतो की ते जंतूच्या पेशीची मोडतोड करतात, पण मांसाच्या अणूंना किरणोत्सर्गी बनवण्याची ताकद त्यांच्यात नसते. कोबाल्टऐवजी विजेच्या यंत्राचे किरण वापरले तर त्यांचा जोर किती असावा यालाही आंतरराष्ट्रीय मर्यादा घातलेली आहे, ती याच कारणासाठी.

किती किरण दिले ते ग्रे या मापाने मोजतात आणि हजार ग्रे म्हणजे एक किलोग्रे. आपल्या देशात १९९८ साली मांसाला आणि कोंबडीला परवानगी देताना अडीच ते चार किलोग्रेची मर्यादा ठरवली गेली. पत्रकवाल्यांनी इथे एक हिशेब मांडला आहे, की माणूस पाच-सहा ग्रेने मरतो, मांसाला चार हजार देतात, मग खाणाऱ्याचे काय होईल? हिशेब ऐकायला बिनतोड वाटतो. पण बोकड उकळत्या पाण्यात बुडवला तर मरेल, म्हणून उकळून शिजवलेले मटण खाणारा मरतो असे होते काय? जिवंत देहाला जे मारते ते मेलेल्या मांसात विष होऊन बसते हे गृहीतच चुकीचे. चार किलोग्रेची सगळी ऊर्जा उष्णतेत बदलली तर एक किलो मांस जेमतेम एक अंशाने तापेल. तुमच्या चुलीवर त्याच मांसाला याच्या कितीतरी पट ऊर्जा मिळते आणि त्यात होणारे बदलही कितीतरी मोठे असतात. म्हणून तर कच्चे मांस आणि रस्सा यांची चव वेगळी!

हेही सांगितले पाहिजे की कोबाल्ट हे खेळणे नव्हे. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठाने भंगारात काढलेले यंत्र येऊन पडले, त्यातला कोबाल्ट कामगारांनी उघड्या हाताने फोडला. एक जण मेला, बाकीचे भाजले. धोका आहे, तो कांड्यांजवळ काम करणाराला आणि त्या बेवारस टाकणाऱ्यांच्या बेफिकिरीत आहे. असे केंद्र आपल्या जिल्ह्यात कधी आले तर तिथल्या मजुरांच्या सुरक्षेचा प्रश्न आपण सर्वांत आधी विचारू. तो खाणाऱ्याचा प्रश्न नाही.

आता कॅन्सरचे. या बाबतीत "सरकारी शास्त्रज्ञ सांगतात म्हणून गप्प बसा" असे आम्ही म्हणणार नाही. सरकारी शास्त्रज्ञांनी सांगितलेले ऐकून काय झाले ते आपल्याला पुरते माहीत आहे. शिवाय या विषयाच्या इतिहासात लबाडीही झाली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय खरे काय ते कळत नाही.

अमेरिकेच्या लष्कराला शिपायांसाठी फ्रिजशिवाय टिकणारे मांस हवे होते. त्यांच्या आग्रहाने १९६३ साली तिथल्या अन्न खात्याने किरण दिलेल्या डुकराच्या मांसाला परवानगी दिली. १९६८ साली तीच परवानगी काढून घेतली. कारण प्रयोगांची कागदपत्रे पुन्हा तपासली तेव्हा ती इतकी गचाळ निघाली की त्यांवरून मांस निर्धोक आहे असे म्हणता येईना. मग लष्कराने नव्याने प्रयोग करायला दिले ते इंडस्ट्रियल बायो-टेस्ट नावाच्या खासगी प्रयोगशाळेला. ही प्रयोगशाळा पुढे खोट्या नोंदी करताना पकडली गेली आणि १९८३ साली तिचे अधिकारी न्यायालयात दोषी ठरले. कापूसवाल्यांनी या ठिकाणी कान टवकारावेत. हीच प्रयोगशाळा अनेक कीटकनाशकांच्या चाचण्याही करून देत असे. मांसाबद्दलची ती कागदपत्रे रद्दीत गेली आणि मांसाची तपासणी पहिल्यापासून सुरू झाली. फवारणीच्या औषधांबाबत इतकी काटेकोर फेरतपासणी आपल्या वाट्याला कधी आली? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारता फवारता वीसहून अधिक माणसे विषबाधेने गेली, तेव्हा हिरोशिमाचे चित्र छापून पत्रके वाटायला कुणी आले नव्हते.

पहिल्यापासून सुरू झालेली तपासणी मात्र भक्कम झाली. सुमारे १३५ टन कोंबडीचे मांस त्या एका प्रयोगासाठी वापरले गेले. त्याचे चार वाटे केले. एक नुसता गोठवलेला, एक उष्णतेने निर्जंतुक केलेला आणि दोन किरणांचे, एक कोबाल्टचा, दुसरा विजेच्या यंत्राचा. किरण दिले ते ५८ किलोग्रेच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या १९९८ च्या मर्यादेच्या चौदा पट. हे मांस उंदरांना आणि कुत्र्यांना वर्षानुवर्षे, पिढ्यान् पिढ्या खाऊ घातले. किरणांमुळे रोग झाल्याचा पुरावा निघाला नाही. १९८० साली जागतिक आरोग्य संघटना, अन्न व शेती संघटना आणि अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त समितीने जगभरातले प्रयोग समोर ठेवून निकाल दिला, की दहा किलोग्रेपर्यंत किरण दिलेले कोणतेही अन्न विषारी ठरत नाही. १९७२ साली चंद्रावर गेलेल्या अपोलो-१७ च्या मंडळींनी किरण दिलेले मांस खाल्ले आणि त्यानंतरही अंतराळवीरांच्या डब्यात ते राहिले आहे.

हिंदुस्थानातली भीती मात्र मांसातून आली नाही, गव्हातून आली. ही कथा थोडी सविस्तर सांगतो, कारण पत्रकात तिचा उल्लेख अर्धवट आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने कुपोषणाने सुजलेली पंधरा लेकरे घेतली आणि पाच-पाचांचे तीन गट केले. एका गटाला साधा गहू दिला, एकाला नुकतेच किरण दिलेला आणि एकाला किरण देऊन काही आठवडे ठेवलेला. ताज्या किरणांचा गहू खाल्लेल्या मुलांच्या रक्तातल्या काही पेशींत गुणसूत्रांची संख्या वाढलेली दिसली, असे त्यांनी १९७५ साली प्रसिद्ध केले. जगभर खळबळ उडाली. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आपले प्रयोग केले, त्यांना तसे काही आढळले नाही. एक सरकारी संस्था एक म्हणते, दुसरी सरकारी संस्था दुसरे म्हणते, मग सरकारने दोघांची समिती नेमली. एक होते जनुकशास्त्रज्ञ पी. सी. केशवन. दुसरे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, आपल्या सातारा जिल्ह्यातले, जागतिक अन्न व शेती संघटनेचा आकडेशास्त्राचा विभाग वर्षानुवर्षे चालवलेले. आकड्यांपुढे भीडभाड न ठेवणारा माणूस.

समितीने आकडे उलटेपालटे करून पाहिले. प्रत्येक मुलाच्या फार थोड्या पेशी मोजल्या होत्या. अशा पेशी निरोगी माणसातही थोड्याफार सापडतात, पण साधा गहू खाल्लेल्या गटात त्या अजिबात नाहीत असे दाखवले होते. म्हणजे तुमच्या शेजाऱ्याच्या कापसात एकही कवडी बोंड नाही असे कुणी लिहून दिले, तर त्या लिहिण्यावरच संशय घ्यावा लागतो, तसे. हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि जीवशास्त्राशीही जुळत नाहीत, असा समितीचा निष्कर्ष निघाला. हैदराबादच्या संशोधकांना तो पटला नाही आणि वाद पुढेही चालू राहिला. नंतर चीनमध्ये १९८० च्या दशकात शेकडो माणसांनी स्वखुशीने कित्येक आठवडे किरण दिलेले अन्न खाल्ले, त्यांच्या पेशी मोजल्या गेल्या, फरक दिसला नाही. आपल्याकडे कांदा, बटाटा आणि मसाल्यांना परवानगी मिळायला १९९४ साल उजाडले.

या वादात आम्हाला सर्वांत खटकते ते दुसरेच. दोन्ही बाजूंनी गव्हावर कागदांचे ढीग रचले, पण उपासमारीने सुजलेली गरिबांची पंधरा लेकरे प्रयोगाला कशी काय मिळाली, हा प्रश्न जवळपास कुणी विचारला नाही.

मांसापुरता एक प्रश्न अजून शिल्लक आहे आणि तो आम्ही झाकून ठेवणार नाही. चरबीवर किरण पडले की तिच्यातून काही पदार्थ कणमात्र तयार होतात, ते चुलीवर शिजवताना होत नाहीत असे बराच काळ मानले जात होते. १९९८ च्या सुमारास जर्मनीत असे दिसले की हे पदार्थ शुद्ध रूपात काचेच्या भांड्यातल्या पेशींना दिले तर पेशींना इजा होते. २००२ साली फ्रान्समधल्या प्रयोगात उंदरांना आधी कॅन्सर करणारे औषध टोचले आणि वर हे पदार्थ पाण्यातून पाजले, तेव्हा गाठी मोठ्या झाल्या. पत्रकवाल्यांनी यातले औषध टोचल्याचे वाक्य वगळून बाकीचे छापले आहे! युरोपच्या तज्ज्ञ समित्यांनी हे सर्व २००२ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये तपासले. प्रयोगात दिलेले प्रमाण मांसातल्या प्रमाणाच्या कितीतरी पट आहे आणि यावरून मांस घातक ठरत नाही, असे त्यांचे मत पडले. आमचे मत विचाराल तर निखाऱ्यावर करपलेल्या कलेजीत याहून ओळखीची कॅन्सरकारक द्रव्ये असतात, हे सिद्ध झालेले आहे. तिच्यावर बंदी मागायला कुणी उठत नाही आणि उठूही नये.

ऑस्ट्रेलियातल्या मांजरांचेही ऐकले असेल. २००८ मध्ये तिथे परदेशी बनावटीचे मांजरांचे खाद्य खाऊन मांजरे लुळी पडली, काही मेली. त्या देशाने पुढच्या वर्षी मांजरांच्या खाद्याला किरण देणे बंद केले. गोष्ट खरी आहे. त्या कोरड्या खाद्याला पन्नास किलोग्रेच्या वर किरण दिले होते आणि ती मांजरे रोज तेच आणि तेवढेच खात होती. इतक्या माऱ्यात जीवनसत्त्वे जळतात. चार किलोग्रेमध्येही ब-१ जीवनसत्त्व थोडे घटते. पण ब-१ साठी आठवड्यातून एकदा मटण खाणारा माणूस मटणावर कुठे अवलंबून असतो? ज्याच्या ताटात रोज ज्वारीची भाकरी आणि डाळ आहे त्याला ते तिथूनच मिळते.

म्हणजे मांस खाण्यास निर्धोक आहे. मग आम्ही किरणांचे गोडवे गाणार काय? नाही. पत्रकवाल्यांशी आमचे जुळत नाही तसे केंद्र विकायला येणाऱ्यांशीही जुळत नाही.

अमेरिकेत किरणांना मांसाचे दार उघडले ते का, ते पाहा. १९९३ साली तिथे एका मोठ्या हॉटेल साखळीतला अर्धाकच्चा खिमा खाऊन सातशेवर माणसे आजारी पडली, चार लेकरे दगावली. खिम्यात ई. कोलाय जातीचा जहाल जंतू होता. तो येतो जनावराच्या आतड्यातून, शेणातून. मोठाले कारखाने, तासाला शेकडो जनावरे कापणारी साखळी, कापताना आतडे फुटले तरी थांबायला वेळ नाही आणि शेकडो जनावरांचे मांस एकाच यंत्रात दळलेले. एका जनावराचे शेण हजार ताटांत गेले. १९९७ च्या डिसेंबरात तिथल्या अन्न खात्याने लाल मांसाला किरण देण्यास मान्यता दिली आणि २००० पासून ती अमलात आली. तिथल्या ग्राहक संघटनांनी तेव्हा जो आक्षेप घेतला तो आम्हाला मोलाचा वाटतो. त्यांचे म्हणणे असे, की किरणांनी शेणातले जंतू मरतील, पण शेण मांसातच राहील. आधी शेण लागू देऊ नका.

जंतू मरतात हे खरे. अडीच-तीन किलोग्रेमध्ये ई. कोलाय आणि साल्मोनेलासारखे जंतू हजारात एखादाही मुश्किलीने उरतो. पण जे आधीच बिघडले ते सुधरत नाही. पावसात काळी पडलेली हायब्रीड ज्वारी उन्हात कितीही घाला, बुरशी मरेल, दाणा पांढरा होईल काय? तसेच मांसाचे. जंतूंनी सोडलेले विष, कोंबडीला पाजलेल्या प्रतिजैविकांचा अंश, काही चिवट जंतूंची बीजे आणि बरेचसे विषाणू किरणांना दाद देत नाहीत. शिवाय पाकीट फोडले, ओट्यावर ठेवले आणि माशी बसली की केलेले सगळे पाण्यात. किरण दिलेले मांससुद्धा बर्फातच ठेवावे लागते, नाही तर चरबीला खवट वास येतो. किरण म्हणजे बर्फाला पर्याय असे जो सांगेल तो फसवतो आहे.

आपल्या तालुक्याच्या गावी रविवारी सकाळी चक्कर मारा. बोकड कुठे कापला जातो? गटाराच्या कडेला. पाणी कुठले? बादलीतले, सकाळपासून तेच. जनावर निरोगी होते की नाही हे पाहायला डॉक्टर? त्याचा शिक्का कुणी पाहिला असेल तर आम्हाला कळवावे. खाटकाचा यात दोष फार थोडा. तो दुकानाचे भाडे आणि नगरपालिकेची पावती दोन्ही भरतो आणि बदल्यात त्याला नळसुद्धा मिळत नाही. आपली माणसे आजवर वाचली ती दोन कारणांनी. बोकड सकाळी कापला आणि दुपारी शिजला, आणि आपल्या बाया मटण पुरते शिजवल्याशिवाय चुलीवरून उतरवत नाहीत. अमेरिकेतली ती चार लेकरे एवढ्यासाठीच गेली.

किरण दिलेले मटण या बाजारात येणार नाही. ते आले तर शहरातल्या काचेच्या दुकानांत आणि परदेशाच्या जहाजात येईल. परदेशाचे दार किरणांनी उघडते हे आपण पाहिले आहे. २००७ मध्ये लासलगावच्या केंद्रात किरण दिलेला आंबा अमेरिकेला गेला, त्याआधी तिथे आपल्या आंब्याला बंदी होती. वाशीला मसाल्यांना किरण दिले जातात. ट्रॉम्बेच्या केंद्रात १९७४ पासून दवाखान्याच्या सुया आणि टाक्यांचे दोरे याच किरणांनी निर्जंतुक होतात, आपल्यापैकी अनेकांच्या अंगाला ते लागलेले आहेत. विदर्भात पेरला जाणारा टीएयू-१ उडीद आणि टॅग-२४ भुईमूग किरणांच्या मदतीने घडवलेल्या वाणांतून आले. ते तंत्र निराळे, तिथे बियाण्यात बदल घडवतात, इथे जंतू मारतात. पण "किरण" शब्द ऐकला की दार लावून घ्यायचे, हे कोरडवाहू शेतकऱ्याला परवडणारे नाही.

आणि बंदी! बंदी मागताना आपण कुणाच्या हातात काठी देतो आहोत याचा विचार करा. २०१२ च्या मार्चमध्ये कापसाची निर्यात एका रात्रीत बंद झाली तेव्हा काय भावाने कापूस गेला, ते विसरलात? कांद्याची निर्यातबंदी तर दिवाळीसारखी येते. ज्या सरकारला आज आपण मांसाच्या पाकिटावर बंदी घाल म्हणू, ते उद्या आपल्याच मागणीचा दाखला देऊन आपल्या मालाचे दुसरे दार लावील. ज्याला किरण दिलेले मांस खायचे नसेल त्याला ते ओळखता आले पाहिजे आणि नाकारता आले पाहिजे, एवढा हक्क पुरेसा आहे. कायद्याने पाकिटावर हिरवी खूण आणि किरण दिल्याचे शब्द छापणे बंधनकारक आहेच. मात्र ते इंग्रजीत बारीक अक्षरांत असतात. ते मराठीत, ठळक छापा अशी मागणी रास्त आहे आणि तिला आमचा पुरा पाठिंबा आहे.

राहिला दराचा मुद्दा. परदेशात किंवा शहरात पाकिटातले मांस दुपटीने विकले गेले तरी आठवडी बाजारात बोकड आजही पाठीवर हात फिरवून, अंदाजाने घेतला जातो. काटा नाही. व्यापाऱ्याचा हात बारा किलो म्हणाला की बारा. किरणांचे केंद्र उभे राहिले आणि काटा आला नाही, तर त्या वाढीव भावातला पैसाही आपल्या दावणीपर्यंत पोचणार नाही.

म्हणून ठराव मांडणाऱ्या मंडळींना आमची विनंती आहे की त्यांनी बंदीचे कलम काढावे आणि त्या जागी असा मजकूर घ्यावा. प्रत्येक आठवडी जनावरांच्या बाजारात बाजार समितीने काटा बसवावा आणि शेळी-बोकड वजनावर विकण्याची सोय करावी. प्रत्येक तालुक्याच्या गावी पाण्याचा नळ, उताराची फरशी आणि पशुवैद्यकाची रोजची हजेरी असलेला कत्तलखाना असावा, त्याची पावती खाटकाकडून घेतली जाते तर सोयही दिली जावी. मांसासाठी शीतगृह आधी, किरणांचे केंद्र त्यानंतर. केंद्र आले तर कामगारांच्या सुरक्षेचा अहवाल दर वर्षी ग्रामसभेपुढे यावा. पाकिटावरची खूण आणि शब्द मराठीत, चष्म्याशिवाय वाचता येतील एवढे मोठे असावेत. ज्यांना यात भर घालायची असेल त्यांनी दुरुस्त्या लेखी लिहून आणाव्यात. ठराव दुपारच्या सत्रात चर्चेला येईल, आणि शेळ्या पाळणाऱ्या बायांना त्यावर सर्वांत आधी बोलू द्यावे.